पुलाखालची पायवाट

मित्रांनो, वर बघू नका. सगळे वरच बघतात, त्या चकचकीत पुलाकडे, त्याच्या निळ्या छताकडे. जरा खाली बघा. तुमच्या बुटांखाली विटांची वाकडीतिकडी पट्टी दिसते आहे ना, ती मी. मी एक जुनी पायवाट आहे आणि खरे सांगायचे तर त्या पुलावर जळते. आधीच सांगून टाकले, म्हणजे नंतर मी काही लपवले असे कुणी म्हणायला नको.

माझ्या एका टोकाला दिल्लीच्या रिंग रेल्वेचे छोटेसे स्टेशन आहे, दुसऱ्या टोकाला मेट्रोचे. त्यांची नावे सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. मधले अंतर जेमतेम पाचशे पावलांचे.

मला कुणा इंजिनिअरने आखले नाही. १९८२च्या एशियाड खेळांच्या सुमारास, मेट्रोचे नावही कुणी ऐकले नव्हते तेव्हा, लोकलमधून उतरणाऱ्या सरकारी बाबूंना पलीकडचा बसस्टॉप गाठायचा असे. सडक मोठा वळसा घालून जाई आणि हजेरीचे रजिस्टर सव्वानऊला साहेबाच्या खोलीत जाई. मग एक बाबू पँट वर धरून सरळ गवतातून निघाला. त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे दहा. गवत मेले आणि मी जन्मले. पुढे मेट्रो आली तेव्हा माझ्या अंगावर विटा बसल्या आणि मधोमध, जांभळाच्या झाडाखाली, सिमेंटचा एक बाक आला. "ये रास्ता न होता तो रोज लेट होते," असे लोक म्हणायचे. तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! रोज हजारो पावले मोजायची आणि रुबाबात पडून राहायचे.

माझ्या सगळ्या माणसांत मला दोघी जास्त प्रिय होत्या. चंद्रप्रभाबाई केंद्र सरकारच्या एका खात्यात सुपरिंटेंडेंट. त्या लोकलने यायच्या आणि पुढे ऑफिसला जायला मेट्रो पकडायच्या. त्यांची मुलगी मैत्रेयी गुरुग्रामहून मेट्रोने यायची आणि रेल्वे स्टेशनामागच्या आपल्या ऑफिसकडे जायची. एक इकडून, एक तिकडून, आणि नऊ वाजता दोघी बरोबर माझ्या मध्यावर, जांभळाखाली.

गेल्या नोव्हेंबरात मैत्रेयीने अंशुमनशी रजिस्टर लग्न केले. मुलगा चांगला होता, पण आपल्यातला नव्हता. चंद्रप्रभाबाई लग्नाला गेल्या नाहीत. महिनाभर मायलेकींचे फोनही बंद होते. मग डिसेंबरातल्या एका धुक्याच्या सकाळी बाईंनी माझ्यावर उभे राहून लेकीच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. झाकणावर त्यांचे नाव कोरलेले, आत गरम थालीपीठ. मैत्रेयी "थँक्स आई" म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिने तो डबा परत दिला आणि नवा भरलेला घेतला. तेव्हापासून रोज तेच. बोलणे दोनचार वाक्यांचे, बाकी सगळे डब्याचे.

पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. लेकीची पाठ वळली की बाई बाकावर बसायच्या, परत आलेला डबा उघडायच्या, आत बघायच्या आणि बंद करायच्या. एकदा त्यांच्या ऑफिसातल्या अरुणाबाई सोबत होत्या.

"रोज काय बघतेस गं रिकाम्या डब्यात?" त्यांनी विचारले.

"तेच बघते, रिकामा आहे का," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देतात का? चिमूटभर साखर तरी घालतात. सहा महिने झाले, अरुणा. तिने मला अजून माफ केलेलं नाही."

"अगं, मग विचार ना तिला सरळ."

"मागून घेतलेल्या साखरेला काय अर्थ?"

अरुणाबाईंनी घड्याळाकडे बघितले आणि दोघी मेट्रोकडे निघाल्या. मला तर तोंडच नाही. जिला हे कळायला हवे होते, ती रोज माझ्यावरूनच जात होती आणि मला काही सांगता येत नव्हते.

आता त्या पुलाची गोष्ट. एप्रिलमध्ये तो माझ्या डोक्यावर येऊन बसला, मेट्रोपासून थेट रेल्वेच्या फलाटापर्यंत. फीत कापली, फुगे सोडले, लाडू वाटले. माझ्या जन्माच्या वेळी कुणी चणेसुद्धा वाटले नव्हते. वर छत, छताला पंखे, खाली गुळगुळीत फरशी. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढू लागले. माझा फोटो एकदाच निघाला होता, तोही कुणाचा फोन चुकून खाली पडला म्हणून. माझी माणसे एकेक करून वर गेली. माझ्या विटांतून गवत वर आले. ज्या गवताला मारून मी जन्मले, ते परत आले! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्रंदिवस मी त्याच्या नावाने बोटे मोडत होते. मला बोटे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मैत्रेयी मात्र येत राहिली, कारण आईला जिने चढवत नव्हते. पुलाला लिफ्ट होती, पण तिच्या दारावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला असायचा. तो कागद बघून मला किती आनंद व्हायचा, हे सांगायला लाज वाटते.

जुलैची एक सकाळ होती. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. डब्यांची अदलाबदल झाली आणि मैत्रेयीने मान वर केली.

"यार आई, तो ब्रिज किती मस्त आहे! बिल्कुल चिखल नाही, पंखे काय, सगळंच. ही वाट आता बंदच करून टाकायला पाहिजे."

बंद करून टाकायला पाहिजे! मला! मित्रांनो, माझे भान सुटले. बाकाजवळ माझी एक वीट सैल होती आणि तिच्याखाली पाणी साचले होते. इतर दिवशी मी ती वीट घट्ट धरून ठेवत असे. त्या दिवशी सोडून दिली. मैत्रेयीचा पाय पडला आणि गढूळ पाण्याची चिळकांडी तिच्या पांढऱ्या सलवारीवर गुडघ्यापर्यंत उडाली.

"शी! बस, आता बस झालं!" ती ओरडली. "उद्यापासून मी वरूनच जाणार. डबा द्यायचा असेल तर तूही वर ये."

"अगं, माझे गुडघे..." बाई म्हणाल्या, पण ती ऐकायला थांबली नाही. तणतणत मेट्रो स्टेशनाकडे कपडे धुवायला निघून गेली.

क्षणभर मला फार बरे वाटले. मग बाकाकडे लक्ष गेले. चंद्रप्रभाबाई बसल्या होत्या. ऑफिसला उशीर होत होता, तरी उठत नव्हत्या. आणि मला कळले की मी पुलावरचा राग पुलावर काढलाच नव्हता. माझ्या जळफळाटापायी त्या दोघींची पाच मिनिटेही गेली होती. उद्यापासून डबा कुठे आणि कुणाला द्यायचा?

बाईंनी रिकामा डबा उघडला. आज नुसते बघितले नाही, कडेने बोट फिरवले, कुठे एखादा दाणा चिकटून राहिला आहे का म्हणून.

"आई! काय शोधतेस डब्यात?"

आवाज वरून आला. मैत्रेयी ओल्या सलवारीने पुलावरून ऑफिसकडे चालली होती आणि कठड्याशी थबकली होती. सात महिने जे मला ठाऊक होते आणि सांगता येत नव्हते, ते तिला त्या पुलाने एका क्षणात दाखवले. माझ्यावरून चालताना तिला ते कधीच दिसले नसते. हे कबूल करताना आजही माझ्या विटा कुरकुरतात.

बाईंनी घाईघाईने झाकण लावले. "काही नाही गं. जा तू."

ती गेली नाही. धडाधड जिना उतरली आणि माझ्यावरून पळत आली. मी ती सैल वीट जीव खाऊन धरून ठेवली.

"सांग ना. डब्यात काही राहिलं होतं का?"

"राहिलं नव्हतं, तेच तर," बाई म्हणाल्या. "रिकामा डबा परत देऊ नये, मैत्रेयी. काहीतरी घालायचं असतं. तू रोज इतका कोरडा लख्ख देतेस, मला वाटतं, हिला माझ्याशी आता काही देणं-घेणंच ठेवायचं नाही. लग्नाला आले नाही ना मी."

मैत्रेयी बाकावर त्यांच्याजवळ बसली. "मला कुठे माहीत होतं हे? तू कधी सांगितलंस? आई, मी तो डबा रोज दोनदा घासते. अंशुमन हसतो मला. म्हटलं, तू उघडून बघशील आणि म्हणशील, पोरगी घर नीट ठेवते. राग होता गं. पण तू पहिला डबा दिलास ना, त्याच दिवशी गेला."

मग दोघीही रडल्या, भर सकाळी, लोकांदेखत.

थोड्या वेळाने मैत्रेयीने डोळे पुसले आणि पर्स उघडली. पर्समध्ये काय असणार? चार्जर, मेट्रोचे कार्ड, चुरगळलेले रुमाल. तिने इकडेतिकडे बघितले आणि खाली वाकली. पावसाने झाडाची जांभळे माझ्या अंगावर सडा घातल्यासारखी पडली होती. ज्या वाटेला ती बंद करायला निघाली होती, तिच्यावर बसून तिने चांगली चांगली निवडली, बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि डबा गच्च भरला.

"घे. आता रिकामा नाही."

"चलो, उशीर झाला," बाई हसत म्हणाल्या. आईच्या तोंडी हिंदी ऐकून लेकही हसली. बाईंनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून मेट्रो गाठली.

त्या गोष्टीला थोडेच दिवस झाले आहेत. लिफ्ट आता चालू झाली आहे. पाऊस जोरात असला की दोघी वर पंख्याखाली भेटतात आणि मी खाली भिजत, चरफडत पडून राहते. माझा स्वभाव काही बदललेला नाही. तुम्हीही खुशाल पुलावरून जा, मित्रांनो, पण मला बंद करून टाकू नका. गवत जरा उपटा आणि बाकाजवळची ती वीट कुणीतरी नीट बसवून द्या, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. ऊन पडले की त्या दोघी मात्र खाली येतात आणि मैत्रेयी डबा घेऊन माझ्यापाशी वाकते. तेव्हा मी हळूच वर त्या पुलाकडे बघते. त्याला छत आहे, पंखे आहेत, फरशी आहे. पण त्याच्या अंगावर जांभळे पडत नाहीत.