खोडाळ्याचा दिवा

मुलांना इतिहास शिकवून मी निवृत्त झालो, पण आपण स्वतः काही शोधून काढू अशी आपली लायकी नाही, हे मला ठाऊक होतं. जव्हारच्या घरी कपाटात रोमन काळातले मातीचे अकरा दिवे होते. तळहाताएवढे, वरून बंद, पुढे वातीची चोच. मुंबईच्या एका जुन्या दुकानदाराकडून वीसेक वर्षांत एकेक करून घेतलेले.

मे महिन्यात पोश्या आला. खोडाळ्याच्या शाळेतला माझा जुना विद्यार्थी. शेततळं खणताना सापडलेला तसाच एक दिवा त्याने फडक्यात बांधून आणला होता, चोचीपर्यंत लाल माती भरलेला. सोपाऱ्याच्या प्राचीन बंदराहून घाट चढणारे व्यापारी खोडाळ्यावरून जात असतील, तर त्याचा पुरावा माझ्या हातात होता.

आणि मी तो पाण्यात बुडवला. विकत घेतलेला प्रत्येक दिवा मी आधी असाच भिजवत आलो. बनावट असला तर वरून चोपडलेली माती लगेच सुटते आणि आतून नवी भाजणी दिसते. हा अस्सल निघाला. लाल पाणी मोरीतून वाहून गेलं.

मी पत्र लिहिलं म्हणून पावसाआधी मुंबईहून एक अभ्यासक बाई आल्या. पोश्याही इस्त्रीचा सदरा घालून आला. बाईंना ती जागा दाखवायला त्याने खणायचं काम थांबवलं होतं.

"आतली माती कुठे आहे?" बाईंनी विचारलं. "तिच्यावरून जागा कळली असती."

"धुतली," मी म्हणालो.

पोश्या हसला. "बाई, गुरुजींच्या कपाटातला एक पळून माझ्या शेतात आलता. मी पकडून आणला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "हा तुमच्या संग्रहातला नाही, हे खात्रीने सांगाल?"

"खात्रीने... आता वय झालं. सरमिसळ झालीही असेल."

पोश्या माझ्याकडे बघत राहिला. "गुरुजी, मी खोटं बोलतो का?"

मी चष्मा पुसत बसलो.

बाई खोडाळ्याला न जाताच परतल्या. पोश्याने दिवा नेला नाही. "राहू द्या, तुमचाच आहे ना," म्हणाला. आता बाजारात भेटला तर मान वळवतो.

अकरा दिव्यांच्या अकरा पावत्या त्याच कपाटात होत्या; बारावा पोश्याचाच, हे त्यांवरून दिसलं असतं. त्या दाखवायचं तेव्हा सुचलं नाही, असं मी घरात सांगितलं. सुचलं होतं. एवढ्या शिकलेल्या बाईंशी वाद घालतोय असं वाटेल, म्हणून उठलो नाही.