सटवाजीच्या नरड्यातली नेमणूक

मित्रांनो, मी एक जुना कंठ आहे. पुस्तकात मला स्वरयंत्र म्हणतात. माणसाला पशूंच्या वर नेऊन बसवलं ते वाणीनं, आणि वाणीचं उगमस्थान मी. माझी नेमणूक मात्र चारठाण्याच्या सटवाजी मेंढपाळाच्या नरड्यात झाली, आणि तो दिवसभर मेंढरांशीच बोले.

माझा बांधा सुबक आहे. पुढे ढालीसारखी मोठी कूर्चा; निजामाच्या अमदानीत सटवाजीला मिसरूड फुटलं तेव्हा ती पुढे आली. खाली अंगठीसारखी कूर्चा. तिच्यावर मागच्या बाजूला बसलेल्या दोन चिमुकल्या कूर्चा स्वरतंतू ताणतात, सैल सोडतात. वर पानासारखं झाकण. गिळताना मिटायचं, बोलताना उघडायचं. एवढं कोरीव काम, आणि शेजार तंबाखूचा नि कफाचा. सटवाजी खाकरून जे वर आणी, ते पुन्हा गिळी. मला शिसारी येई. तीन राजवटी आल्या. तिन्हींना त्यानं माझ्यातून एकच शिवी घातली.

मग येलदरीला धरणाचं काम निघालं. सुरुंगाच्या दणक्यानं सटवाजीची आणि त्याचा मेहुणा येडबा याची मेंढरं उधळली, एकमेकांत मिसळली. लोकर नुकतीच कातरलेली, म्हणून अंगावरचा खुणेचा गेरूही गेलेला. अशा वेळी रिवाज एकच. सकाळी दोघांनी दोन टोकांना उभं राहून हाक मारायची; मेंढरू ज्याच्याकडे जाईल, ते त्याचं.

पण दिवसभर मेंढरांमागे ओरडून माझे तंतू सुजले होते. आवाज पार बसला. हाक फुटली नाही तर कळप येडबाचा.

सटवाजीची बायको केवळाबाई हिनं मेंढराच्या खोकल्यावरचं औषध काढलं. तंबाखूचं पाणी, हळद, करडईचं तेल. पाजायची बांबूची नळीही तीच. नळीच्या तोंडाला मागच्या मेंढराची लाळ वाळलेली.

"तोंड वर करा."

"नळी धुतलीस का?"

"मेंढरानं कवा इचारलं?"

तिनं ओतलं. मेंढरू निदान गप गिळतं. सटवाजी मध्येच म्हणाला, "हळू वत, जीव घ्यायलीस का माजा?" बोलला, म्हणजे झाकण उघडलं. सगळा काढा माझ्यावरून थेट श्वासनळीत. तो इतका खोकला की होता तो घोगरा आवाजही गेला. त्या चवीबद्दल मी बोलणार नाही.

सकाळी येडबा समोरच्या टोकाला उभा राहिला. "दाजी, मारा की हाक! का माणूस लावू हाक माराया?"

सटवाजीनं तोंड उघडलं. माझ्यातून फाटक्या भात्यासारखी फुसफुस आली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. मग येडबानं हाक दिली, खणखणीत. त्याची मेंढरं निघाली, आणि सटवाजीचीही त्यांच्यामागे पाय उचलू लागली. केवळाबाईनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात रोज कळपापुढे चालणारी सटवाजीची म्हातारी शेळी कंटाळली आणि घराकडे वळली. तिला कुणी हाक मारली नव्हती. सटवाजीची मेंढरं थांबली, वळली, आणि तिच्या शेपटीमागे चालू लागली. एकसष्टच्या एकसष्ट.

"जाऊ द्या, तुमचीच हायत," येडबा म्हणाला.

मित्रांनो, कंठाची निगा राखा. तंबाखू टाळा, गिळताना बोलू नका, आणि नळी धुऊन घ्या. माझा आवाज अजून परत आलेला नाही. मेंढरं वेळेवर घरी येतात.