मागच्या सीटखालून

मी गाडीतली दुसरी बॅटरी. बोनेटखाली थोरली बसते, गाडी सुरू करण्याचा मान तिचा. मी मागच्या सीटखाली, लसींच्या फ्रिजसाठी. जनावरांच्या डॉक्टर प्रियंकाने मला बसवून घेतलं, तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

आम्हा दोघींच्या मधे एक रिले आहे. इंजिन चालू झालं, थोरलीचं पोट भरत आलं, की तो टक् करतो आणि मला चार्जिंग मिळतं. इंजिन बंद की पुन्हा टक्, वाट बंद. फ्रिजने मला पार पिळून काढलं तरी थोरली शाबूत राहावी, गाडी रानात अडकू नये, म्हणून ही सोय. सोय चांगलीच आहे हो, पण घालमेल माझी होते.

परवा आम्ही जबलपूरहून कुंडमजवळच्या एका वस्तीत गेलो. आधीचे चार दिवस शहरातच इवल्याइवल्या फेऱ्या झालेल्या, मी अर्धपोटीच होते. प्रियंका थोड्या लसी बर्फाच्या डब्यात घेऊन नाल्यापलीकडे गेली. बाकीच्या माझ्या भरवशावर. गाडीपाशी तिचा नवरा सुमेध थांबला. तो जन्माचा जबलपूरचा, मराठी समजते पण कानात हिंदीच.

वाटेत तिला फ्रिजवरचा लाल दिवा आठवला असावा. फोन आला.

"सुमेध, मागची बॅटरी उतरली वाटते, जरा गाडी..." आणि नेटवर्क गेलं.

"हॅलो? उतार ली? किसने उतार ली?"

चोराच्या भीतीने त्याने धावत येऊन सीट उचलली. मी जागेवरच!

"है तो यार! काहून घाबरवून राहिली ही?" त्याने मला थोपटलं आणि सावलीत जाऊन बसला.

अरे बाबा, किल्ली फिरव! थोरली भरलेली होती, पण बंद गाडीत तिच्याकडून मला थेंबभरही मिळेना. थोड्या वेळाने फ्रिज थांबला.

दुपारी प्रियंका आली. फ्रिजमध्ये चौदा अंश, लसींना आठच्या वर चालत नाही.

"गाडी चालू काहून नाही केली?"

"तू बोली उतार ली. मैंने देखा, लगी हुई है."

"उतरली! संपली म्हणून सांगत होते रे!"

तिने सगळ्या लसी बाद केल्या. गाडीपाशी शेळ्या घेऊन सकाळपासून ताटकळलेल्या शेवंताबाईंना म्हणाली, "परवा नक्की येते, मावशी." त्या नुसतं "अच्छा" म्हणाल्या.

परतीच्या रस्त्यावर रिले टक् झाला आणि मी रिकामा फ्रिज थंड करत आले.

आज पुन्हा तिकडे निघायचं आहे. मला चार्जरला लावा, आत्ता लावा. त्या दिवशी शेवंताबाई गाडीला टेकून स्वतःशीच म्हणत होत्या, "काळी शेळी आज चाऱ्याला तोंड लावून नाही राहिली." ते डॉक्टरांनी ऐकलं नाही. ऐकलं फक्त मी.