चार मीटरची नोंद

परवाना विभागातल्या कारकुनाला साहेबांना 'नाही' म्हणता येत नसे, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

नियम सोपा होता. तलावाची पातळी चार मीटरच्या खाली असेल, तर पाणी डोंगरापलीकडे न्यायला परवाना नाही. पातळी बघायचे मामा, कारकुनाचे सख्खे मामा. तलावात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा रोज सकाळी वहीत लिहायचा आणि भाच्याला फोनवर सांगायचा, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. त्या दिवशी ते म्हणाले होते, "तीन ऐंशी." इकडे साहेब डोक्यावर बसलेले, पलीकडच्या कारखान्याचा माणूस बाहेर खोळंबलेला. कारकुनाने अर्जावर लिहिलं, चार. वीस सेंटिमीटरने काय आभाळ कोसळणार आहे?

आभाळ नाही कोसळलं, पण चार महिन्यांत तलावातल्या होड्या चिखलात रुतल्या आणि चौकशी लागली.

चौकशी अधिकाऱ्यांनी अर्ज आणि मामांची वही शेजारी-शेजारी ठेवली. "वहीत तीन ऐंशी, अर्जावर चार. हे कसं?"

चौकशीला कारकुनाबरोबर मामांनाही बोलावलं होतं. मामांनी चष्मा पुसून अर्जावरचं अक्षर पाहिलं. लहानपणी भाच्याचा हात धरून ते त्यांनीच गिरवून घेतलं होतं.

"फोनवर मीच चार बोललो असेन, साहेब," मामा म्हणाले. "वय झालं. हल्ली गोंधळ होतो."

मामांचा म्हणे गोंधळ. मुलीच्या लग्नाच्या सकाळीही हा माणूस आधी पट्टी वाचून आला होता. आता तरी बोल, असं कारकून स्वतःला सांगत राहिला. नोकरी डोळ्यांपुढे आली, घरची दोन पोरं आली. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो बोलला मात्र नाही.

मामांना त्याच दिवशी कामावरून कमी केलं. नवा माणूस येईपर्यंत पट्टी वाचायचं काम भाच्याकडे आलं. व्हरांड्यात मामांनी तलावाच्या फाटकाची किल्ली त्याच्या हातात दिली.

"पट्टीला शेवाळ धरतं. आधी पुसून घे. ओल्या रेषेलाच पाणी समजलास, तर आकडा जास्त येतो."

"हो, मामा."

"आणि दिसेल तेवढाच लिही."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. अक्षर गिरवून घेताना बोलायचे, त्याच आवाजात ते बोलले. कारकुनाला मान वर करवली नाही.