एकतीस तारखेचा चमत्कार

साहेब, आरोप तुमच्यावरच आहे. साथ आली तेव्हा आजाऱ्याच्या दारावर कागद डकवायचा हुकूम तुम्ही काढलात. दाराआड चूल पेटते का, हे मात्र एकदाही विचारलं नाहीत. मग विचारायला बाबा आला.

परगावचा हा बाबा, पण गल्लीत त्याच्यामागे ही गर्दी! तोंडावरचे रुमाल गळ्यात, माना उंच. बाबा बंद दारासमोर डोळे अर्धवट मिटून पुटपुटे आणि गर्जे, "बावीस! बावीसला रोगी उठून बसेल!" बहुतेक रोगी बसतही. जो बसला नाही, त्याची श्रद्धा कमी पडली. लोकांनी नावच पाडलं, तारीखबाबा.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी शिंप्याच्या बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन सत्त्याऐंशी.

"आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं."

शिंपीण दारात आडवी. "बाबांनी अठ्ठावीस सांगितलीय. तोवर हलवायचं नाही म्हणाले."

अठ्ठावीस? नर्सबाई चमकल्या. ही तारीख त्यांनीच लिहिली होती, पण शिंपिणीच्या सासूबाईंच्या कागदावर! सासूबाई आधी आजारी पडल्या होत्या. घरात बसायची मुदत कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात असे. लाजेपोटी त्या कागदाकडे घरचेही बघत नसत. बाबा तेवढा बघत होता. मुदत भरेपर्यंत बरेचसे रोगी आपसूक बरे होत. श्रेय बाबाला फुकट.

नर्सबाईंनी गाडीला फोन केला आणि पिशवीतून कोरा कागद काढला. "गाडी येईस्तोवर चला. तोंड बांधा, लांबून बघा."

केंद्राच्या कोठीचं मागचं दार त्याच गल्लीत होतं. तळाशी बारीक अक्षरात मुदत लिहून त्यावर कागद डकवला न डकवला तोच बाबाची वरात आली.

"आतला रोगी," बाबाचे डोळे किलकिले झाले, "एकतीसला ठणठणीत!"

"बाबा," शिंपीण लांबूनच म्हणाली, "हा महिना तिसाचाय."

"आमच्याकडे वरती एकतीस असते, माई!"

"वरचं राहू द्या, आतला रोगी तरी बघू," म्हणत नर्सबाईंनी कुलूप काढलं.

आत रोगी नव्हता. छतापर्यंत धान्याची पोती होती. गर्दी पोट धरधरून हसली आणि त्या गोंधळात बाबाने काढता पाय घेतला.

शिंपीण हसली नाही. "हे कुणाचं, बाई?"

"कागद लावलेल्या घरांचं. साहेबांची वाटपाची सही आलेली नाही."

"मग त्या मेल्याने निदान विचारलं तरी, जेवलात का म्हणून! ह्यांना धाडते मी. पण ते गेल्यावर पोरांना काय घालू?"

नर्सबाईंनी पहिलं पोतं स्वतः ओढून बाहेर काढलं. शिंपी गाडीत चढला, वेळेत पोहोचला, वाचला.

लोकहो, बंद दारावरचा कागद कुणीही वाचू शकतो. आजाराला तपासणी लागते, औषध लागतं आणि पोटात अन्न लागतं. तुमचे डोळे बाबाला उसने देऊ नका.

आणि साहेब, बिनसहीचं धान्य वाटलं म्हणून नर्सबाईंना नोटीस धाडलीत ना? आता आमची घ्या. माणसं उपाशी असताना ती पोती तेवीस दिवस कुलपात का होती? लेखी उत्तर द्या.