नळीचं दुसरं टोक

सकाळी भांडी घासता घासता थोरलीनं खुंटीवरची पाण्याची नळीही धुऊन घेतली. नळीत पाणी भरून दोघांनी दोन टोकं धरली, की दोन भिंतींची पातळी कळते. अकरा वर्षं एका टोकाला नवरा, एका टोकाला ती. शेवटी शेवटी धाप लागायची, म्हणून तो नुसता नळी धरून उभा राही. मापं, गज, स्लॅब सगळं तीच बघे. मागल्या वर्षी तो गेला, आणि नळी खुंटीवर गेली.

आता तिला ठेकेदारीचा परवाना हवा होता. त्यासाठी तीन घरमालकांच्या सह्या लागत, ‘हे घर या अर्जदारानं बांधलं’ अशा. एका घराची एकच सही. वस्तीत तिच्या हातची घरं चौदा. दोघांनी सह्या दिल्या, बाकीच्यांनी पाणी दिलं.

“काम तुझंच, नाही कोण म्हणतंय?” शिंपी म्हणाला. “एक थेंब गळत नाही. पण नवऱ्यामागं बाईनं असं नाव पुढं करायचं म्हणजे...”

“थेंब गळला असता तर माझंच नाव घेतलं असतंत ना, काका?”

शिंपी हसला. सही मात्र केली नाही.

राहिलं स्वतःचं घर. ते सासूच्या नावावर होतं. सासू वाटाणे सोलत बसली होती.

“आई, एवढी एक सही.”

सासूचे हात थांबले. “ती तर मी काल केली गं. धाकट्यानं कागद आणला होता. ऑफिसात देऊनही आला.”

धाकटा दीर कापडाच्या दुकानात बसायचा. विटेला त्याचा हात लागला नव्हता.

“म्हणाला, दादाचं नाव राहील,” सासू सांगत होती. “तुझ्या नावानं गेलं तर माझं लेकरू पुसलं जाईल, असं वाटलं मला. त्याचं नाव आहे ना कागदात? मला कुठं वाचता येतं.”

फळीवर अर्जाची झेरॉक्स होती. थोरलीनं वाचली. ‘हो’ हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

“नाही, आई. माझं नाही. त्यांचंही नाही. भाऊजींचं स्वतःचं आहे.”

सासू उठली. तापलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा तिनं भिंतीवरून हात फिरवला.

दोघी ऑफिसात गेल्या. “आजी, दिलेली सही परत घेता येत नाही,” कारकून म्हणाला, आणि त्यानं दुसरी फाईल उघडली.

आठवड्यानं परवाना आला, धाकट्याच्या नावानं; उरलेल्या दोन सह्या त्याला वस्तीतूनच मिळाल्या होत्या. धाकटा म्हणाला, “वहिनी, उद्या पायाची मापं घ्यायला या. तुमच्याशिवाय मला काय कळतंय?”

“खरं बोललात, भाऊजी. हेच कागदावर लिहून द्या. मग येते.”

तो हसायला गेला, आणि तसाच दुकानाकडं वळला.

वस्तीच्या टोकाला नर्सबाईंना एक खोली बांधायची होती. एका खोलीला परवाना लागत नाही, पण मालकाची सही पुढं परवान्यासाठी मोजली जाते. नर्सबाई म्हणाल्या, “जी बांधेल तिच्याच नावानं देईन.” थोरलीनं नळी खांद्यावर टाकली. मागं चपलांचा आवाज आला.

“दुसरं टोक दे इकडं,” सासू म्हणाली.

“उभं राहवेल, आई?”

“तो राहायचा ना, धाप लागत असताना.”

सासूनं टोक धरलं. हात थरथरत होता, नळीतलं पाणी खालीवर होत होतं. थोरली पेन्सिल घेऊन खूण करायला थांबली.

“स्थिरावलं का गं?”

“अजून नाही, आई. मी थांबते.”