हवेची चाचणी

धाकट्याने फोरमनच्या तोंडावर पाना हाणला, तेव्हा दोन दात चाचणीविभागाच्या लोखंडी दारावर आपटून आत पडले. फोरमन गुडघ्यांवर कोसळला. त्याला ओलांडून धाकटा आणि त्याचे साथीदार आत शिरले.

आत त्याची थोरली बहीण होती, चाचणी अभियंता. कारखान्याने तोफगोळे बनवणे बंद करून त्याच यंत्रांवर, कोळसा न जाळता घरे उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या टाक्या घडवाव्यात. कारखाना कामगारांच्या मालकीचा व्हावा. सर्वांत मोठा पगार सर्वांत लहान पगाराच्या चौपटीहून अधिक नसावा. हा सगळा प्रस्ताव तिचाच. दुपारी त्यावर मतदान व्हायचे होते.

“तुझ्या प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’ असतं, ताई,” धाकटा म्हणाला. “बहुधा खपतील, बहुधा परवडेल. आमच्या पोटावर पाय मात्र नक्की! आज सगळ्यांसमोर फोडूनच दाखवतो तुझी टाकी.”

त्याने नमुन्याच्या रिकाम्या टाकीची पाण्याची नळी उपटली आणि उच्चदाबाच्या हवेची जोडली.

“हवा नको, गाढवा! पाणी भर!”

“पाण्याला वेळ लागतो. तुझ्यासारखाच.” त्याने हवेची झडप उघडली.

त्याची चूक या कारखान्यातच होण्यासारखी होती. इथे आजवर जे काही फुटले ते पाणी भरून फुटले होते: चीर पडायची, पिचकारी उडायची, कोणीतरी भिजायचे आणि बाकीचे खिदळायचे. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे त्यात फारशी ऊर्जा साठत नाही. हवा दबते, आणि सुटली की पोलादाचे तुकडे घेऊन सुटते.

ती धावली. धाकट्याच्या एका साथीदाराने तिचे केस धरून तोंड कामाच्या टेबलावर आपटले. नाकाचे हाड मोडल्याचे तिने ऐकले. तिने त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. तो किंचाळून मागे सरला. दाबमापकाचा काटा तांबड्या रेघेपलीकडे गेला होता. टाकीचा सांधा कण्हू लागला.

जमिनीवर पडलेला रक्ताळलेला पाना तिने उचलला आणि धाकट्याच्या मनगटावर घातला. त्याने झडप सोडली नाही. दुसरा घाव तिने नेम धरून घातला. हाड कातडी फाडून बाहेर आले. त्याला लाथेने ढकलून तिने हवा बंद केली आणि सुटकेची झडप उघडली. कान फाडणारी शीळ बराच वेळ चालली.

दारात सारा कारखाना जमला होता.

“माझा हात तोडलास,” धाकटा भिंतीला टेकून म्हणाला. “फुटलीच असती का? सांग सगळ्यांना.”

नुसते ‘हो’ म्हटले असते तर मते तिच्या पदरात पडली असती.

“बहुधा,” ती म्हणाली.

“ऐकलंत?” तो हसला. त्याचे साथीदारही हसले.

तिने नाकातले रक्त बाहीला पुसले आणि हवेची नळी पुढे धरली. “खात्री हवी असेल तर भरा पुन्हा. मी रोखणार नाही. कोण भरतंय?”

हसू थांबले. नळी धरायला कोणी पुढे आले नाही. चावा खाल्लेला गडी हळूच कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या भिंतीआड सरकला, त्याच्यामागे आणखी काही. धाकट्याने टाकीकडे पाहिले आणि मोडका हात छातीशी धरून, ढुंगणावर घसरत, तोही आडोशाला गेला.

“ताई,” तो तिथून ओरडला, “तू पण ये ना इकडे!”